गियरवाली सायकल

आज पहाटेच ताई आणि भाच्याला घेऊन डिचोलीहून बांबोळीच्या हॉस्पिटलात गेलो. पोरगा अकरा वर्षांचा. मानेला गाठ, हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. "आधी केमोच्या दोन सायकली" हे पहिल्यांदा ऐकून त्यानं विचारलं होतं, "गियरवाल्या?" ताई रडता रडता हसली होती.

त्या दोन सायकली, म्हणजे औषधांच्या दोन फेऱ्या, झाल्या. आज डॉक्टरांनी पेट स्कॅनची (कॅन्सर कुठे सक्रिय आहे ते दाखवणाऱ्या तपासणीची) दोन चित्रं शेजारी ठेवली. जुन्यात मानेशी केशरी दिवा लागल्यासारखा, नव्यात तो विझलेला.

मला वाटायचं, कॅन्सरला जितका मारा जास्त तितकं बरं. तसं नाही म्हणे. स्टेज, गाठीचा आकार, ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन हे बघून कमी, मध्यम, जास्त धोका असे गट पाडतात. सुरुवातीलाच औषधाला छान दाद मिळाली तर बऱ्याच मुलांचं रेडिएशन टाळता येतं. कारण बरं झाल्यावर पोराला पुढचं सगळं आयुष्य काढायचंय, आणि किरणांमुळे कैक वर्षांनी थायरॉईड, हृदय कुरकुरू शकतं, दुसरा कॅन्सरही होऊ शकतो.

त्याला अजून दोन सायकली आहेत. रेडिएशन नाही!

परतताना पणजीत गाडी थांबवली तर साहेबांना मिरची भजी हवी. ताईनं डब्यातली पेज पुढं केली. मास्कच्या आतूनही वाकडं तोंड दिसलं.