तिथी आणि तारीख

"पोराचं वर्षश्राद्ध उरकलं, मग म्हटलं आता जावं," असं म्हणत मावशींनी पिशवीतून कागद काढले आणि माझ्या पोटात गोळा आला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे जायचं तर घटनेपासून वर्षाच्या आत. १९९३ च्या कायद्याचं कलम ३६(२). वर्ष उलटलं की आयोगाला चौकशीच करता येत नाही.

कोठडीतला मृत्यू असता तर पोलिसांनाच २४ तासांत आयोगाला कळवावं लागलं असतं. पण ठाण्याचं म्हणणं, अटक केलीच नव्हती; चौकशीला बोलावलं, रात्री सोडलं. पोरगा भिंतीला धरून घरी आला आणि तिसऱ्या दिवशी गेला. हे 'नुसतं बोलावलं होतं' फार सोयीचं असतं.

"श्राद्ध कधी झालं?"

"गेल्या गुरुवारी."

मग लखकन डोक्यात आलं, श्राद्ध तिथीनं करतात! चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, आणि मध्ये अधिक महिना नव्हता. कालनिर्णय काढून बोटांवर मोजलं. तारखेनं वर्ष व्हायला पाच दिवस होते. पण कायदा मोजणार मारहाणीपासून. म्हणजे तीनच.

अर्ज त्याच दुपारी केला. फी नाही, मराठी चालतं. कोण, कधी, कुठे, काय, बस्स, एक पान. आमचे एक वकीलमित्र तीच तक्रार हौसेनं राज्य आयोगाकडेही ठोकतात; तिथे प्रलंबित असलं की राष्ट्रीय आयोग हात लावू शकत नाही, हे त्यांना किती वेळा सांगायचं? संध्याकाळी डायरी नंबर मिळाला. मावशींनी तो कालनिर्णयच्या पाठीमागे लिहून घेतला.

पुढे पोलीस अधीक्षकांकडून अहवाल मागवला गेला. ज्यांच्या माणसांवर आरोप, अहवाल त्यांच्याच वरिष्ठांचा. आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण शेवटी हाती शिफारसच. देशोदेशीच्या मानवाधिकार आयोगांना मान्यता देणाऱ्या जागतिक समितीनं २०२३ आणि २०२४ मध्ये आपल्या आयोगाची फेरमान्यता लांबणीवर टाकली, त्यात तपासाला पोलीस अधिकारी वापरतात हाही आक्षेप होता. आम्हाला ते ऐकून नवल वाटलं नाही.

अहवालाची प्रत आमच्याकडे आली: 'सदर इसम स्वखुशीने हजर होऊन स्वखुशीने निघून गेला.' मावशींनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

आता आमचं म्हणणं पाठवायचंय. त्या रात्री पोरगा पायरीवर कसा टेकला, ते शेजारणीनं पाहिलंय. सगळं सांगते ती. सही मात्र अजून करत नाही.