तुम्ही विचारलंत म्हणून: पाळी, नमाज आणि रोजे

रमजान लागला की ऑफिसातली कुणी ना कुणी विचारतेच, "पाळीत तुमच्यातही बाजूला बसतात का गं?"

नाही. स्वयंपाक, पाणी, एका ताटात जेवणं, काहीच अडत नाही. उलट रोज्यांच्या दिवसांत जिला पाळी आलेली असते, इफ्तारच्या खिम्यातलं मीठ चाखायचं काम आपसूक तिच्याकडे येतं. बाकी सगळ्यांचा रोजा असतो ना!

नमाज, रोजा, काबागृहाचा तवाफ म्हणजे प्रदक्षिणा, कुराणाला हात लावणं, मशिदीत थांबणं आणि नवरा-बायकोचा संबंध, हे मात्र थांबतं. पाळीतली नमाज कायमची माफ. रोजे मात्र नंतर भरून द्यावे लागतात. हा फरक का, असं एका बाईनं पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आम्हाला रोजे भरायला सांगितलं जाई, नमाज भरायला नाही. रोजे वर्षातून एकदाच येतात. दिवसाच्या पाच नमाजा दर महिन्याला साठत गेल्या तर बाईनं त्या कधी फेडायच्या, असं कारण फिकहचे, म्हणजे इस्लामी धर्मनियमांचे, जाणकार देतात.

पाळी संपली कधी म्हणायचं, यातही मतं आहेत. शाफई आणि हनफी हे सुन्नींमधले दोन फिकह-पंथ. आम्ही कोकणातले शाफई, जास्तीत जास्त पंधरा दिवस धरतो. माझी जाऊ सोलापूरची, हनफी. त्यांच्यात दहा. त्यापुढचा रक्तस्राव पाळी नव्हे. गुसल, म्हणजे शुद्धीची अंघोळ, करून नमाज सुरू करायची. दुआ, दरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना), जिक्र (अल्लाहचं नामस्मरण) मात्र पाळीच्या दिवसांतही मोकळे असतात.

हजला निघालेल्या आयेशांना मक्केजवळ सरिफला पाळी आली. त्या रडू लागल्या. पैगंबरांनी समजावलं, हे अल्लाहनं आदमच्या लेकींसाठी लिहूनच ठेवलंय. हाजी करतात ते सगळं कर, फक्त तवाफ पाक झाल्यावर.

इतकं उघड बोललं गेलेलं असताना आमच्या मुली लपवत बसतात, याचा मला फार त्रास होतो. बाप-भावांना कळू नये म्हणून सहेरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, उठायचं, उन्हात दिवसभर कोरड्या घशानं वावरायचं, फार तर दाराआड उभ्यानं दोन घोट पाणी. पाळीत रोजा ठेवायची परवानगीच नाही, मग हे नाटक कुणासाठी? बापासमोर पेला तोंडाला लावला तर काय बिघडलं?

मी मुलाला तो दहावीत असतानाच सगळं सांगितलं. त्या दिवसांत मुलगी दुपारी टेबलावर बसून जेवते. तिचे-माझे राहिलेले रोजे आम्ही डिसेंबरात धरतो, दिवस लहान असतात तेव्हा.