लाल कागदातला दिवा

संक्रांत झाली की येणारा शनिवार-रविवार आमच्या गावच्या चित्रपट मंडळाच्या लघुपट-माहितीपट मेळाव्याचा, हे आता ठरूनच गेलंय. शाळेचं सभागृह, दीडशे खुर्च्या, आठ-नऊ देशांचे पंचवीसेक चित्रपट. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत आणि पाहुण्यांचं ‘सिनेमा हे प्रभावी माध्यम आहे’ हे सगळं अर्ध्या तासात उरकतं. वर्तमानपत्रात फोटो येतो तो मात्र त्याचाच. मेळावा खरा सुरू होतो दिवे मालवल्यावर.

दिवे मालवण्याआधी काय काय झालेलं असतं, हे खुर्चीत बसणाऱ्याला कळत नाही, आणि कळू नये हेच बरं. आमच्या सभागृहाला उतार नाही. सपाट फरशीवर खुर्च्या मांडल्या की पुढच्याच्या डोक्याआड नेमक्या सबटायटल्सच्या ओळी जातात. म्हणून १६ बाय ९ फुटांच्या पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान ५ फूट वर हवी. पहिल्या वर्षी ती साडेतीनवर होती आणि पाचव्या रांगेपासून मागे सगळे माना वाकड्या करून बसले होते. झरोक्यांना काळा कागद दोन पदरी लागतो, एकपदरीतून दुपारी दोनचं ऊन झिरपतं. आणि मधल्या पंख्याचं पातं प्रोजेक्टरच्या झोतात येतं. पंखा सुरू राहिला की पडदा लुकलुकतो आणि लोकांना वाटतं फिल्मच खराब आहे. त्या बटणाशी एक माणूस बसवावाच लागतो, कारण उकडायला लागलं की कुणीतरी उठून पंखा लावतंच.

पूर्वी १६ मिलिमीटरची रिळं यायची, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून किंवा वकिलातींकडून, पत्र्याच्या डब्यात, एसटीच्या पार्सलने. ४०० फुटांचं रीळ ११ मिनिटं चालतं, हा हिशेब मंडळातल्या प्रत्येकाला पाठ होता. ऑपरेटरकाका रीळ लावायच्या आधी ते दोन बोटांत धरून कडेनं फिरवत, फाटकी भोकं आणि सुटू पाहणारे जोड बोटालाच कळायचे. १६ मिलिमीटरवर आवाजाची पट्टी चित्राच्या २६ चौकटी पुढे असते. खालचा लूप, म्हणजे फिल्मचा सैल सोडलेला वळसा, लहान-मोठा झाला की ओठ आणि शब्द यांची फारकत होते. काका नुसतं ऐकून उठायचे, मशीन थांबवायचे, लूप नीट करायचे आणि ‘हं’ एवढंच म्हणायचे.

आता फायली येतात. त्यांचे रोग वेगळे. ‘फाइव्ह पॉइंट वन’, म्हणजे सहा चॅनलचा आवाज दोन स्पीकरवर नीट मिसळून न घेता सोडला की मधल्या चॅनलवरचे संवाद गायब होतात. पात्रं तोंडं हलवतात आणि मागचे पक्षी मात्र झकास ऐकू येतात. युरोपातल्या फिल्म बहुधा सेकंदाला २५ चौकटींच्या. लॅपटॉपचा चित्र ताजं करण्याचा वेग ६० हर्ट्‌झवर ठेवला तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळतं, ५० वर आणलं की सरळ. प्रत्येक दिग्दर्शकाच्या आवाजाची पातळी निराळी, त्यामुळे शुक्रवारी रात्री प्रत्येक फिल्मची पहिली दोन मिनिटं आणि सगळ्यात मोठा आवाज लावून पाहायचा आणि मिक्सरच्या पट्टीवर चिकटपट्टीची खूण करायची. पंचवीस फिल्म, पंचवीस खुणा. मराठी सबटायटल्सची फाइल युटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत साठवली नाही तर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. फॉन्ट चुकला की ‘राष्ट्र’चे तुकडे होतात. दोन ओळींपेक्षा जास्त नको, एका ओळीत पस्तीसेक अक्षरं पुरे. अनुवाद करणाऱ्या मुलांना मूळ वाक्यातलं काहीच सोडवत नाही, आणि तिथेच दरवर्षी भांडण होतं. वाचण्यात गेलेला डोळा चेहऱ्यावरून हटतो, हे त्यांना पटायला एक मेळावा जावा लागतो.

क्रम लावणं ही त्याहून अवघड गोष्ट. नव्वद मिनिटांच्या सत्रात सहा-सात लघुपट. पहिला बिनसंवादाचा हवा, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असतात. कॅनडातल्या नॉर्मन मॅकलॅरेनचा १९५२ चा ‘नेबर्स’ आमच्याकडे तीनदा या जागेवर लागलाय. आठ मिनिटं, दोन शेजारी, एक फूल. जिवंत माणसांनाच बाहुल्यांसारखं चौकट-चौकट हलवलेलं. उशिरा आलेल्यालाही तो कळतो. दोन जड फिल्म पाठोपाठ लावायच्या नाहीत. दोन फिल्मच्या मध्ये आठ सेकंद काळा पडदा, कमी ठेवला तर एकीचं रडणं दुसरीच्या हसण्यात सांडतं. फ्रेंच दिग्दर्शक ख्रिस मार्करची ‘ला जेटी’ जवळपास सगळी स्थिरचित्रांची, २८ मिनिटांची. ती सत्राच्या शेवटी ठेवायची, कारण तिच्यानंतर लगेच काही पाहवत नाही. ‘छोटी फिल्म म्हणजे मोठीची तालीम’ असं मानणारे आमच्या गावात अजून आहेत. त्यांना आम्ही इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींची १९७० ची पहिली फिल्म दाखवतो. दहाएक मिनिटं, गल्ली, पाव घेऊन घरी निघालेला मुलगा आणि वाट अडवणारा कुत्रा. मग वाद घालत नाही.

पण ज्यासाठी आम्ही वर्षभर थांबतो ते बाईंचं वाचन.

बाई निवृत्त मराठीच्या शिक्षिका. पुढच्या दोन रांगांत ज्या आज्या बसतात त्यांना सबटायटल्स भराभर वाचता येत नाहीत, म्हणून एका वर्षी सोय काढली: बाईंनी मराठी संवाद माइकवर वाचायचे. मोठ्या स्पीकरवर नाही. पुढच्या रांगांपाशी ठेवलेल्या वेगळ्या छोट्या स्पीकरवर, म्हणजे मागच्यांना त्रास नाही. पडद्याच्या डाव्या कडेला टेबल, त्यावर लाल जिलेटिन कागद गुंडाळलेला दिवा. पांढरा उजेड पडद्यावर चढतो, लाल तेवढा चढत नाही. संहिता मोठ्या टायपात, डाव्या समासात वेळ, पानं सुटी. टाचलेली पानं उलटताना माइकमध्ये वादळासारखी वाजतात, सुटी नुसती सरकवता येतात. बाई अभिनय करत नाहीत. बाप, पोरगी, पोलीस, सगळ्यांना एकच आवाज. मूळ वाक्य आधी अर्धा सेकंद कानावर पडू देतात, मग मराठी. गाणं किंवा प्रार्थना आली की गप्प. नवीन वाचणारे नेमके इथेच चुकतात, रिकामी जागा दिसली की भरतात.

फरूग फर्रुखजाद या इराणी कवयित्रीने १९६२ साली तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत बारा दिवसांत केलेला माहितीपट, ‘द हाउस इज ब्लॅक’. तिचा हा एकच चित्रपट. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या ओबरहाउझेनच्या लघुपट महोत्सवात तो गौरवला गेला. शेवटी शेवटी त्यात वर्ग भरतो. गुरुजी एका मुलाला सुंदर गोष्टींची नावं विचारतात, तो चंद्र, सूर्य, फुलं, खेळ असं सांगतो. दुसऱ्याला कुरूप गोष्टी विचारतात. तो म्हणतो, हात, पाय, डोकं. वर्ग हसतो. बाईंनी जन्मभर वर्गात प्रश्न विचारलेले. ‘हात, पाय, डोकं’ हे त्या अगदी हजेरी घेतल्यासारखं वाचतात, आणि मुलं हसतात तिथे वाचायला काही नसतं. त्या मान वर करून पडद्याकडे बघत राहतात. लाल उजेड हनुवटीपर्यंतच पोचतो. सभागृहात त्या वेळी खुर्चीसुद्धा करकरत नाही. चार वेळा झालंय हे, चारही वेळा असंच.

शनिवारी हे असं, आणि रविवारी सकाळी नऊला सतरा डोकी. त्यातले सहा कार्यकर्ते. रविवार सकाळ आम्ही स्वतंत्र माहितीपटांना राखून ठेवलीय, हट्टाने. २००४ च्या मुंबईच्या सरकारी महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांवर सेन्सॉर प्रमाणपत्राची अट आली. विरोध झाल्यावर ती मागे घेतली गेली, पण अनेक फिल्म निवडीत वगळल्या गेल्या, आणि त्या दिग्दर्शकांनी ‘विकल्प’ नावाने समांतर महोत्सव भरवला. तेव्हापासूनचा हा हट्ट. आनंद पटवर्धनांना ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण करायला चौदा वर्षं लागली, १९९७ च्या मुंबईतल्या रमाबाई नगरच्या पोलीस गोळीबारापासून २०११ पर्यंत. तो बसून पाहायला एक सकाळ लागते. गावात तीन कॉलेजं आहेत, एका ठिकाणी तर मास कम्युनिकेशनचा वर्ग आहे. पत्रं सगळ्यांना जातात. उद्‌घाटनाला जिथे खुर्च्या कमी पडतात तिथे रविवारी उपमा येईपर्यंत रांगा ओस, हे लिहून ठेवायलाच हवं. फ्रान्समधला क्लेरमों-फेराँचा आज एवढा मोठा झालेला लघुपट महोत्सवही १९७९ मध्ये विद्यार्थ्यांच्या चित्रपट मंडळाने एका आठवड्यापासूनच सुरू केला होता, असं आम्ही एकमेकांना सांगतो आणि चहा घेतो.

आता ज्यांनी केलं त्यांची नोंद. पडद्याला कडेने पितळी रिंगा ठोकून देणारे मांडववाले, भाड्यात दरवर्षी पाचशे सोडणारे. इन्व्हर्टरवाला, ज्याने दोन बॅटऱ्या फुकट दिल्या आणि एक परत न्यायला विसरला. काळा कागद चिकटवणारी नववी ‘ब’ची मुलं. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खालची, सेन्सॉर प्रमाणपत्राशिवाय फिल्म दाखवण्याची सूट वेळेत मिळावी म्हणून प्रत्येक फिल्मचं नाव, देश, लांबी आणि गोषवारा असा तक्ता करून पाठवणारे, बँकेतून निवृत्त झालेले चिटणीस. सबटायटल्सची मुलं, सगळी, भांडणारीसुद्धा. उपम्याच्या काकू. शाळेचे शिपाईमामा, ज्यांच्याकडे किल्ली. बाईंना रात्री घरी सोडणारा रिक्षावाला, ज्याने पैसे घेतले नाहीत. ऑपरेटरकाका आता येत नाहीत, पण शुक्रवारी रात्री फोन करून विचारतात, आवाज जुळला का.

आणि पंख्याच्या बटणाशी बसलेला तो. दोन्ही दिवस, भिंतीकडे तोंड करून, स्विचबोर्डवर हात ठेवून. त्याने एकही फिल्म पाहिलेली नाही.