दहावी डांबरगोळी

लेक बाळंतपणाला ठाण्यात चरईतल्या आमच्या घरी येणार म्हटल्यावर मी माळ्यावरची ट्रंक काढली. तिचीच झबली, दुपटी, माझ्या सासूबाईंनी शिवलेली गोधडी. तीस वर्षांत एकाला कसर लागली नव्हती. लागेल कशी? दर दिवाळीला जांभळी नाक्यावरून डांबरगोळ्यांचं पाकीट यायचंच.

नातवाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला : ‘जी-सिक्स-पी-डी’ कमी, म्हणजे तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम कमी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात डांबरगोळ्या आहेत?” मी चटकन ‘नाही’ म्हणाले. का म्हणाले, देव जाणे. लेकीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. बाळ त्याच गोधडीत गुंडाळलेलं होतं.

मग त्यांनी नीट समजावलं. गोळी झिजते म्हणजे ती हवेत जाते, कपड्यांत मुरते. त्यातलं नॅप्थलीन श्वासातून, कातडीतून अंगात शिरतं आणि हे एन्झाइम कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. कावीळ वाढते. (नाव किती खरं आहे बघा, नॅप्थलीन कोळशाच्या डांबरातूनच निघतं. मला इतकी वर्षं वाटायचं, उगीच म्हणतात.) “मग कापूर ठेवू?” मी विचारलं. तोही नको. पोटात गेला तर मुलांना झटके येतात. वेखंडाचं नाव काढलं तर ते हसले. म्हणाले, “आजी, कपाटात ठेवा, बाळाला चाटवू नका.” वेखंडावर अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत बंदी आहे, हे घरी आल्यावर लेकीने मोबाइलवर वाचून दाखवलं. जरा टोचूनच.

बाळ सुखरूप आहे, हे आधीच सांगायला हवं होतं.

त्या संध्याकाळी घर उलथं केलं. नऊ ठिकाणी सापडल्या : ट्रंक, लोखंडी कपाट, शालूची घडी, बेसिन, चपलांचं खोकं, पुस्तकांमागे... शेवटच्या तीन जागा सांगत नाही, लाज वाटते. सगळ्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून घराबाहेर काढल्या. गोधडी दोनदा धुतली, वास हलेना. नॅप्थलीन पाण्यात धड विरघळतच नाही. ऊन-वारा लागला तर उडून जातं, पण जुलैत ठाण्यात ऊन कुठलं? आठ दिवस ती ग्रिलवर नुसती दमट होतेय. बाळाला नवीन सुती दुपटी आणली, ती जुनी होईपर्यंत तरी गोधडीला सुट्टी.

काल यांच्या लग्नातल्या कोटाच्या खिशात दहावी सापडली.