आईला घरी कोण बघणार? सही करण्याआधी मी काय काय बघितलं (माझा अनुभव)

ज्यांच्या घरी आत्ता हा प्रश्न येऊन ठेपलाय त्यांच्यासाठी लिहितोय. आईला पार्किन्सन (मेंदूचा आजार, हालचाल मंदावते आणि अंग ताठतं) आहे, बरीच वर्षं झाली. गेल्या पावसात न्हाणीच्या उंबऱ्यापाशी तिचे पाय जागच्या जागी चिकटले (या आजारात दारात, अरुंद जागेत हे हमखास होतं) आणि ती पडली, खुबा मोडला. अ‍ॅडमिट, ऑपरेशन, खुब्यातला बॉल बदलला, ते सगळं नीट पार पडलं. डोक्याला ताप झाला तो डिस्चार्जच्या वेळी.

काउंटरवर एक फॉर्म पुढे केला, त्यात घरी काळजी घेणाऱ्याचं नाव लिहायला एक ओळ, नाव एकच आणि खाली सही. दादा मुंबईला, ताई साखळीला सासरी, मी इथे गोव्यात डिचोलीला घरीच राहतो आणि लग्न झालेलं नाही, म्हणजे न बोलताच ठरलं की तो मीच. मी म्हटलं सही करतो, पण आधी हिला खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं, कमोडवर कसं बसवायचं ते मला दाखवा. काउंटर म्हणतो वॉर्डात विचारा, वॉर्डातली सिस्टर म्हणते ते फिजिओचं काम, फिजिओकडे गेलो तर शनिवार दुपार, दाराला कुलूप. परत काउंटरवर आलो तर उत्तर मिळालं, "अहो, सगळे घरी जाऊनच शिकतात, सही करा, आम्हाला बेड रिकामा हवाय."

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. घरी जाऊन शिकतात म्हणजे कोणाच्या अंगावर शिकतात? नुकतं ऑपरेशन झालेलं म्हातारं माणूस, आणि मी जन्मात कुणाला उचललेलं नाही. दादाचाही फोन, "कर रे सही, एवढं काय त्यात." नाही केली. सोमवारी फिजिओ येईपर्यंत बाकावर बसून राहिलो, अधूनमधून कोणीतरी येऊन फॉर्मचं विचारायचं, मी तेच सांगायचो की शिकवा आणि सही घ्या. मी हटलो नाही याचा मला आजही अभिमान वाटतो.

फिजिओ बाई चांगल्या होत्या, आल्या आणि अर्ध्या तासात सगळं करून दाखवलं. दंडाला धरून ओढायचं नाही, कमरेला पट्टा बांधून त्याला धरायचं. आधी खाटेच्या कडेला बसवायचं, तळपाय जमिनीला टेकलेले, उठताना तिला पुढे झुकायला सांगायचं पण नव्या सांध्यामुळे कमरेतून फार वाकवायचं नाही, आणि आपण गुडघ्यात वाकायचं, पाठीत नाही. पायावर पाय टाकू द्यायचा नाही, झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. मी सगळ्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि त्यांच्यासमोर दोनदा स्वतः करून दाखवलं, मगच सही. तुम्हीही व्हिडिओ काढाच, घरी गेल्यावर डावा-उजवा पाय आठवत नाही.

पण खरं सांगायचं तर मला हे जमेल की नाही ते त्या थांबण्याच्या दिवसांतच कळलं. वॉर्डात रात्री मीच होतो. रात्री ती सारखी हाक मारायची, कूस बदलून दे, पाणी दे, आणि मला उठायचा अजिबात कंटाळा येत नाही हे माझ्या लक्षात आलं, फॅक्टरीत शिफ्ट केल्यात म्हणून असेल. भरवायला बसलो की मात्र माझा जीव वरखाली व्हायचा. या आजारात गिळणं सावकाश होतं, एक वाटी पेज संपायला तासभर लागतो, घाई केली की ठसका लागतो आणि अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनियापर्यंत जातं. ताई शांत बसून गप्पा मारत भरवते, तिला रात्रीची जाग मात्र झेपत नाही. म्हणून मला वाटतं "मी करू शकेन का" असा मोघम विचार करू नका, दिवसाचे कुठले तास आपले आणि कुठले नाहीत ते बघा, आणि हॉस्पिटलात असतानाच बघा.

आणि आईला विचारा! आमच्यात हे कोणाला सुचलंच नव्हतं. तिला विचारल्यावर ती म्हणाली, "तू रात्री जवळ असलास तर मला बरं रे, पण आंघोळ तू घालू नकोस, मला लाज वाटते." झालं, विषय संपला. आंघोळीला आता गावातलीच एक बाई येते, तिचे पैसे दादा देतो. दुपारचं जेवण ताई येईल त्या दिवशी ताई, नाहीतर शेजारच्या काकी, रात्र माझी. फॉर्मवर नाव एकच गेलं, पण कोणी काय करायचं ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून ठेवलंय, नुसतं बोलण्यावर सोडलं नाही.

मध्येच आठवलं म्हणून, पार्किन्सनची गोळी घड्याळ लावून द्या, उशीर झाला की अंग लाकडासारखं होतं. वॉर्डातल्या राउंडच्या वेळा वेगळ्या असतात, तिथे सिस्टरला स्वतः आठवण करून द्यावी लागते. आणि गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण मासळी-डाळीतल्या प्रोटीनने तिचा असर कमी होतो, आमच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलंय, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

अजून एक, 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत पार्किन्सन आहे, बऱ्याच जणांना माहीत नसतं. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करता येतो. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट मिळालं तर खर्च करणाऱ्याला इन्कम टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये '80डीडी' म्हणून ओळखली जाणारी 75,000 ची वजावट मिळते, 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. दादाला ते सांगितल्यावर बाईच्या पगाराची कटकट बंद झाली.

उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्यात, एकेक पट्टी ओलांडायला सांगितलं की पाय सुटतो. आणि कमोडची उंच सीट डिस्चार्जच्या आधीच आणून बसवून ठेवा, पेशंट घरी आल्यावर दुकान शोधत फिरायला वेळ मिळत नाही.