चार महिने मी भलत्याच झाडाला पाणी घातलं

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा गुलाब मरायला टेकला की तो माझ्या दारात येतो. बेल पण वाजवत नाहीत लोकं, सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की चपलांच्या रॅकशेजारी कुंडी, त्यात एक काळी पडलेली काडी, आणि व्हॉट्सॲपवर हात जोडलेला इमोजी. नवरा आमच्या गच्चीच्या त्या कोपऱ्याला सरकारी दवाखाना म्हणतो. म्हणू दे.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन झालं की सगळं पुणं गुलाब घेऊन घरी येतं आणि एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे गर्दी सुरू होते. बहुतेक केसमध्ये रोग वगैरे काही नसतो हो. नर्सरीतला गुलाब पिशवीतून काढला की मुळाभोवती चिकणमातीचा गोळा असतो बघा, लाडवासारखा घट्ट वळलेला, तो तसाच आपण छान भुसभुशीत मातीत ठेवतो आणि वरून पाणी घालतो. पाणी शहाणं असतं, ते सोप्या वाटेने जातं, म्हणजे गोळ्याच्या बाजूने खाली आणि कुंडीच्या भोकातून बाहेर, आणि आपल्याला वाटतं वा काय निचरा होतोय! आत गोळा विटेसारखा कोरडा. पावसाळ्यात बरोब्बर उलटं होतं, तोच गोळा एकदा भिजला की पंधरा पंधरा दिवस वाळत नाही आणि मुळं कुजतात. मी काय करते, थंडी असेल तर अख्खं झाड मुळासकट पाण्याच्या बादलीत अर्धा-पाऊण तास ठेवते, मग बोटांनी हळूहळू तो गोळा विरघळवायचा, सगळा नाही निघाला तरी चालतो पण बारीक पांढरी मुळं तुटता कामा नयेत, मग पोयटा माती, जुनं शेणखत, थोडं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड अशा मातीत लावायचं आणि आठ-दहा दिवस सावलीत. उन्हाळ्यात मात्र मुळं धुवायची नाहीत, झाड जाईल. तेव्हा स्वेटर विणायच्या सुईने गोळ्याला नुसती भोकं पाडते आणि हळूहळू पाणी मुरवते.

आणि खत नको!! आजारी माणसाला आपण पुरणपोळी वाढतो का? लालसर कोवळी पालवी दिसेपर्यंत फक्त पाणी, तेही बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. (बटाट्यात बुकेतल्या गुलाबाची काडी खोचून झाड करायचे व्हिडिओ मला पाठवू नका, मी करून बघितलंय, बटाटा सडला.)

तर एवढं सगळं ज्ञान पाजळणारी मी, आणि माझीच फजिती झाली ती सांगायचीये.

आत्याचं साताऱ्याचं घर रिडेव्हलपमेंटला गेलं. अंगणात एक गुलाब होता, लग्न होऊन आली तेव्हा लावलेला, गडद तांबडा, आणि वास असा की दार उघडं असलं तर पलीकडच्या खोलीत कळायचं. नाव कुणालाच माहीत नाही, ती नुसतं तांबडा म्हणते. फूल मोठं झालं की मान खाली घालून बसायचं. मी फोटो दाखवला तर एका जाणकार मैत्रिणीने क्रिमझन ग्लोरी असेल म्हणून सांगितलं, तो 1935 सालचा कोर्देस या जर्मन मंडळींचा वाण, त्याची मान अशीच लवचिक असते, वासही तसाच. असेलही. तसे मान टाकणारे तांबडे गुलाब बरेच आहेत.

घराचा ताबा एप्रिलअखेर द्यायचा होता. गुलाब उपटायला यापेक्षा वाईट महिना नाही, पण बिल्डर काय ऑक्टोबरच्या छाटणीसाठी थांबतोय का. गड्याने पहारीने काढला, अर्धी मुळं तिथेच राहिली, पोत्यात गुंडाळून गाडीच्या डिकीतून तीन तास, आणि पुण्यात तेव्हा चाळीसच्या आसपास तापमान. मी तोपर्यंत दुसऱ्यांची झाडं वाचवून इतकी फॉर्मात होते की वाटलं हे तर होणारच. ग्रीन नेट लावलं, पानं सगळी काढली, फांद्या एक तृतीयांशावर आणल्या. मेमध्ये एक-दोन फुटवे आले पण, मी आत्याला फोटो पाठवले, ती म्हणाली बघू पावसाळ्यात काय करतो.

पावसाळ्यात त्याने डायबॅक केलं. म्हणजे शेंड्याकडून काडी काळी पडत खाली येते, आज चार बोटं, परवा वीतभर. सिकेटर स्पिरिटने पुसून रोज कापत बसायचे, आतला गर पांढरा दिसेपर्यंत कापायचं असतं, जरा जरी तपकिरी ठिपका राहिला तरी उपयोग नाही. कापलेल्या तोंडाला बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट, 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना वेगवेगळा भिजवून मिळून एक लिटर करायचं, प्लास्टिकच्या डब्यात, लोखंडी भांडं अजिबात नको. झाल्यावर त्यात सुरी बुडवून बघायची, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. झाडाचा सगळा वरचा भाग निळा दिसायला लागला. तरी काळं खाली येतच होतं आणि जुलैच्या मध्यावर एक काडी उरली, पेन्सिलीपेक्षा बारीक, चार पिवळट पानं असलेली. मी आत्याला फोन करायचं टाळायला लागले.

आणि मग बुंध्याजवळून फुटवा आला!

काय सांगू, हिरवागार, जाड, रोज बोटभर वाढणारा. मी नाचले अक्षरशः. त्या दिवसापासून त्या फुटव्याचे लाड सुरू, जीवामृत काय, गांडूळ खत काय, फुलकिडे येऊ नयेत म्हणून निंबोळी तेल काय, काठीचा आधार, सप्टेंबरपर्यंत माझ्या खांद्याला लागला आणि त्याला आणखी दोन जोडीदार आले. आत्याला फोटो पाठवला, "बघ तुझा तांबडा." ती म्हणाली, "काटे कुठायत गं?" मी म्हटलं अगं कोवळा आहे अजून, येतील. माणसाला दिसायचं नसलं की दिसत नाही! ऑक्टोबरात रीतसर छाटणी केली, छाटणीनंतर साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फुलं येतात, बाकीच्या सगळ्या कुंड्यांना कळ्या धरल्या, याला नुसता पाला. पोटॅश कमी पडलं असेल म्हणून केळ्याच्या साली पुरल्या. पाला आणखी वाढला.

नोव्हेंबरात समोरच्या बंगल्यातले माळीमामा वर आले होते टाकीजवळचा पिंपळ काढायला. हे बघून थांबले.

"ताई, हे काय पाळलंय?"

"गुलाब, आमच्या आत्यांचा."

"आत्यांचा नाय हा. खुंटाचाय."

बोटाने माती बाजूला केली आणि दाखवलं. कलम बांधलेल्या जागी बुंध्याला गाठ असते, तिच्या वरचं ते आपलं झाड आणि खालचं ते रानटी, म्हणजे खुंट, ज्याच्यावर डोळा भरलेला असतो (डोळा म्हणजे पानाच्या देठाशी असतो तो बारीक अंकुर, तो खुंटाच्या सालीत बसवला की कलम). माझा लाडका फुटवा गाठीच्या चांगला दोन बोटं खालून आलेला. पानं पण बारीक, एका देठाला सात, नऊ. सात पानं म्हणजे रानटी असं सगळे सांगतात पण त्याच्यावर जाऊ नका, चांगल्या गुलाबालाही सात येतात, फुटवा कुठून निघालाय ते बघायचं. हे मला माहीत होतं! मी दुसऱ्यांच्या कुंड्यांमधले असे फुटवे स्वतः काढलेत, कापायचा नाही, बुडातून ओढून काढायचा म्हणजे परत फुटत नाही, हे मी लोकांना सांगत फिरते. आपल्या कुंडीत मात्र चार महिने त्याला जीवामृत.

ती पेन्सिलवाली काडी अजून होती, गाठीच्या वर, मरत नव्हती आणि जगतही नव्हती. तिच्या वाटचं सगळं हा खाली बसून खात होता. मी सिकेटर उचललं रानटी काढायला, तर मामा म्हणाले थांबा, गाठ अर्धी कुजलीय, वरची काडी काय पावसाळा बघत नाही. याची मुळं दणकट आहेत, याच्यावरच आत्याचे डोळे भरू.

मला आधी हसूच आलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मामा परत आले. आधी चार दिवस भरपूर पाणी द्यायला सांगितलं होतं, साल सुटली पाहिजे म्हणून. रानटी फांदीवर इंग्रजी टी अक्षरासारखा काप, साल दोन्हीकडून अलगद उचलायची, आत्याच्या काडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढून आत सरकवायचा आणि डोळा उघडा ठेवून वरखाली प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. पानाचं देठ तेवढं ठेवायचं. चार डोळे निघाले कसेबसे. मामांचे हात एवढे राकट पण काम असं की घड्याळ दुरुस्तीवाल्याने बघत राहावं, आणि सगळं करताना त्यांचं मुलीच्या बारावीचं बोलणं चालूच.

त्या देठाची गंमत ऐका. तीन आठवड्यांनी देठाला नुसतं बोट लावायचं, पिकलेल्या पानासारखं टपकन गळलं तर डोळा जगला, सुकून चिकटून बसलं तर मेला. मी चौथ्या दिवसापासून बोट लावायला जात होते, नवऱ्याने ओरडून थांबवलं. दोन गळले, दोन चिकटून बसले. डोळे फुगल्यावर वरचा सगळा रानटी पाला मामांनी उडवला. खांद्याएवढं वाढवलेलं, चार महिन्यांचं. मी आत चहा करायला गेले तेव्हा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फूल आलं, एकच, लिंबाएवढं. आत्या आता मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहते. स्टीलच्या डब्यात ओला रुमाल घालून फूल घेऊन गेले, रस्ताभर मनात सीन रचत, म्हटलं आता आत्याचे डोळे खरंच भरणार. तिने वास घेतला, परत घेतला. "हाच," म्हणाली. मग उलटून पालटून बघत, "पण एवढंसंच? शेणखत घालतेस का नुसत्या केळ्याच्या साली?"

आणि निघताना, "मला पण एक डोळा भरून दे, इथे बाल्कनीत सकाळचं ऊन येतं चांगलं."

मामांना त्याच संध्याकाळी फोन केला. ते म्हणाले आता नाय ताई, ऊन वाढलं, डिसेंबरात बघू, तोवर एखादा रानटी फुटवा वाढवून ठेवा, तुम्हाला चांगला जमतो.