कचोरा, मिरी आणि एक संन्यासी सोनार

जर्मनीतल्या पाडरबोर्नला मी गेले ते एका पेटीसाठी. ती जेमतेम साडेचौतीस सेंटीमीटर लांब, एकवीस रुंद आणि साडेसोळा उंच आहे, आपल्याकडच्या जुन्या पानाच्या डब्याहून थोडी मोठी इतकीच. पण आतल्या ओकच्या लाकडावर चांदीचा पत्रा मढवलेली ही वस्तू म्हणजे प्रत्यक्षात एक वेदी आहे. बिशप प्रवासात असला की अशी वेदी बरोबर नेली जाई आणि वाटेत कुठेही तिच्यावर मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासनाविधी, अर्पण करता येई. माझे आजोळ हुपरीचे, मामांच्या घरात तीन पिढ्या चांदीचे काम चाललेले, त्यामुळे परदेशातल्या संग्रहालयात चित्रांपेक्षा धातूच्या दालनाकडे माझी पावले आधी वळतात.

कॅथीड्रलच्या शेजारी, बाजारचौकातच, गोटफ्रीट ब्योम या वास्तुकाराने बांधलेले आणि १९७५ साली पूर्ण झालेले धर्मप्रांताचे संग्रहालय उभे आहे. शिशाच्या पत्र्याने मढवलेली ती करडी इमारत पाहून पाडरबोर्नकर त्या काळी चिडले होते म्हणतात, आणि खरे सांगायचे तर त्यांचे फारसे चुकले असे मला वाटत नाही. मात्र तळघरातल्या खजिन्यात शिरल्यावर वरची इमारत विसरायला होते.

वेदीच्या एका अरुंद बाजूला मध्ये ख्रिस्त आणि दोन्ही हातांना संत किलियान व संत लिबोरियस, असे पत्रा मागून ठोकून केलेले उठावाचे काम आहे आणि भोवती रत्ने जडवलेली आहेत. दुसऱ्या अरुंद बाजूला मारिया आणि तिच्या शेजारी योहान व याकोब. लांब बाजूंवर मात्र उठाव नाही. तेथे प्रत्येकी पाच प्रेषित, म्हणजे ख्रिस्ताचे शिष्य, बसलेले आहेत, चांदीत कोरलेल्या आणि काळ्या मिश्रणाने भरलेल्या रेषांनी काढलेले. चांदी, तांबे, शिसे आणि गंधक एकत्र वितळवून केलेले हे मिश्रण, ज्याला निएलो म्हणतात, कोरलेल्या रेषेत भरून तापवतात आणि मग घासून पृष्ठभाग सपाट करतात. माझे सारे लक्ष त्या प्रेषितांच्या गुडघ्यांवर खिळले होते. अंगरख्याच्या चुण्या गुडघ्याशी गोळा होऊन पुन्हा सुटतात, आणि ती प्रत्येक रेषा एका दमात ओढलेली आहे. हात जराही अडखळल्याची खूण कुठे सापडत नाही.

हे काम ज्याचे मानले जाते, तो हेल्मार्सहाउझेनच्या बेनेडिक्टाइन मठातला रॉजर नावाचा संन्यासी. त्याच्या आयुष्याबद्दल हाती येते ते फार थोडे. १५ ऑगस्ट ११०० अशी तारीख असलेल्या एका सनदेत पाडरबोर्नचा बिशप हाइनरिश फॉन वेर्ल याने एक क्रूस आणि एक पेटी यांच्या मोबदल्यात त्या मठाला उत्पन्न दिल्याची नोंद असून, पेटी घडवणारा म्हणून रॉजरचे नाव येते. सनदेतली पेटी म्हणजे हीच वेदी का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. त्याच दालनात आब्डिंगहोफ मठातून आलेली दुसरी वेदीही आहे. तिच्यावर मुलामा दिलेल्या तांब्याचा पत्रा जाळीसारखा कापून हुतात्म्यांची दृश्ये दाखवली आहेत. तीही रॉजरचीच किंवा त्याच्या कार्यशाळेतली समजतात, पण तिच्यातली माणसे इतकी धावपळीची आणि अंगाला पीळ घातलेली आहेत की शांत बसलेल्या त्या प्रेषितांचा कारागीर हाच, यावर विश्वास ठेवायला मला वेळ लागला.

रॉजरच्या नावाला खरे वजन आले ते एका ग्रंथामुळे. बाराव्या शतकाच्या आरंभी ‘थेओफिलस’ असे टोपणनाव घेतलेल्या एका संन्याशाने रंगकाम, काचकाम आणि धातुकाम यांवर तीन भागांचा लॅटिन ग्रंथ लिहिला. एका जुन्या हस्तलिखितात ‘थेओफिलस, म्हणजेच रुगेरुस’ असा उल्लेख असल्याने अनेक अभ्यासक तो रॉजरच मानतात, सगळे नव्हे. व्होल्फेनब्युटेलचा ग्रंथपाल लेसिंग याने १७७४ साली याच ग्रंथाच्या आधारे तैलरंग पंधराव्या शतकातल्या व्हॅन आयक या चित्रकाराच्या कितीतरी आधीपासून माहीत होते हे दाखवून दिले. परंतु लिहिणाऱ्याचा जीव कशात होता, हे तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या भागावरून कळते. तो सुरू होतो कार्यशाळेच्या बांधणीपासून: इमारत पूर्व-पश्चिम लांब असावी, खिडक्या दक्षिणेला असाव्यात, कारागिरांना बसायला खिडकीपाशी खड्डा असावा आणि वरची फळी इतकी गुळगुळीत असावी की सोन्याचांदीचा पडलेला कण झाडून गोळा करता यावा. हे वाचताना मला सराफकट्ट्यावरची माती विकत घेऊन ती धुणारे आपले झारेकरी आठवले. त्यानंतर भट्टी, भाता, ऐरण, हातोड्या, सांडस, तार ओढायची जंत्री, कानशी, आणि मग लहान प्याला, मोठा प्याला, ठोकून केलेले धुपाटणे, मेणाच्या साच्यातून ओतलेले धुपाटणे, पुढे घंटासुद्धा.

सगळेच तितके शहाणपणाचे नाही. पोलादी हत्यारांना पाणी द्यायला तीन दिवस उपाशी ठेवून मग नेचे खाऊ घातलेल्या बोकडाचे मूत्र, किंवा तांबड्या केसांच्या लहान मुलाचे मूत्र वापरावे असे तो सांगतो. ‘स्पॅनिश सोने’ तर कोंबड्याच्या अंड्यातून बेडकांनी उबवलेल्या एका अद्भुत प्राण्याची राख, माणसाचे रक्त, तांबे आणि सिरका यांतून होते म्हणे. ऐकीव गोष्ट कुठे संपते आणि हाताचा अनुभव कुठे सुरू होतो, हे मात्र वाचताना लगेच ओळखू येते.

पाऱ्याच्या मुलाम्याचे प्रकरण अनुभवाचे आहे. सोने पाऱ्यात विरघळवून तो लगदा चांदीवर चोपडायचा आणि आच देऊन पारा उडवून लावायचा, ही रीत सांगताना तो थांबतो आणि बजावतो की हे काम उपाशीपोटी कधीही करू नये, कारण पाऱ्याची वाफ रिकाम्या पोटाला घातक असते आणि तिच्याने नाना आजार जडतात. त्यावर उतारा म्हणून त्याने सांगितलेल्या गोष्टींत लसूण आणि वाइन आहे, आणि त्यांच्या बरोबरीने कचोरा व मिरी आहे. मिरी त्या काळी मलबारच्या किनाऱ्यावरूनच युरोपात जात असे, आणि कचोराही पूर्वेकडचाच. म्हणजे जर्मनीतल्या जंगलातला एक सोनार आपल्या फुप्फुसांसाठी आपल्याकडच्या वखारींवर अवलंबून होता.

त्याच संग्रहालयात संत लिबोरियसच्या अस्थींची मोठी पेटी आहे आणि ती ड्रिंगेनबेर्गच्या हान्स क्राको या सोनाराने १६२७ साली पूर्ण केली. आधीची पेटी १६२२ साली ब्राउनश्वाइगच्या ख्रिस्तियान या प्रोटेस्टंट सेनापतीने लुटून वितळवली आणि त्या चांदीची नाणी पाडली, ज्यांवर ‘देवाचा मित्र, पाद्र्यांचा शत्रू’ अशी अक्षरे होती. अस्थी परत मिळाल्या, चांदी गेली. दर जुलैअखेर क्राकोची पेटी मिरवणुकीने निघते आणि तिच्यापुढे मोरपिसांचा कुंचा धरला जातो. धातूच्या कामाचे हे दुखणे सगळीकडे सारखेच: अडचणीच्या वेळी ते मुशीत जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्टबेर्गनला गाडी बदलून मी बाड कार्ल्सहाफेन येथे उतरले आणि डीमेल नदीच्या कडेकडेने हेल्मार्सहाउझेनपर्यंत चालत गेले. मठ सोळाव्या शतकात बंद झाला. भट्टी कुठे होती हे दाखवणारे काहीच उरलेले नाही. गावाच्या वरच्या टेकडीवर क्रुकेनबुर्गचे भग्नावशेष आहेत आणि त्यांत ११२६ साली पवित्र केलेल्या गोल चर्चच्या भिंती उभ्या आहेत. तेथे बसून डबा खाल्ला. खाली लाल कौलांची घरे आणि ओल्या गवताची कुरणे दिसत होती.

तेथूनच मामांना फोन लावला. प्रेषितांचे फोटो त्यांना रात्रीच पाठवले होते. त्यांनी ख्रिस्ताच्या बाजूबद्दल विचारले, “पत्रा ठोकताना खाली काय भरलं होतं गं? लाख की राळ?” मी सांगितले की ग्रंथात आहे ते असे: विटेसारख्या भाजलेल्या मातीची पूड, राळ आणि थोडे मेण.

“विटेची पूड आमच्यातबी असते,” मामा म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, “पण मेण? तेल न्हाई?”

“मेणच लिहिलंय, मामा.”

“बघतो घालून,” ते म्हणाले, आणि दुकानात कोणी आले म्हणून त्यांनी फोन ठेवला.